टोमॅटोच्या डब्यावरची ओळ

फेब्रुवारी 1996 मध्ये ब्रिटनमधल्या सेन्सबरी आणि सेफवे या दोन मोठ्या दुकान-साखळ्यांत टोमॅटो प्युरीचा एक नवा डबा विक्रीला आला. आतला टोमॅटो कॅलिफोर्नियात पिकलेला होता. नॉटिंगहॅम विद्यापीठातल्या संशोधनाच्या आधारे झेनेका कंपनीने त्याच्या जनुकांत फेरफार केला होता. टोमॅटो पिकू लागला की त्यातले एक विकर गर सैल करू लागते. त्या विकराचे काम जवळजवळ थांबवले की गर दाट राहतो, आटवायला इंधन कमी लागते आणि प्युरी स्वस्त पडते. हा फायदा गिऱ्हाइकापर्यंत पोचला. ज्या 29 पेन्सला नेहमीचा 142 ग्रॅमचा डबा मिळे, त्याच किमतीत हा 170 ग्रॅमचा मिळू लागला. आतला माल जनुकीय बदल केलेल्या टोमॅटोंचा आहे, असे डब्यावर स्पष्ट छापलेले होते. तसे छापण्याची कायद्याने सक्ती नव्हती. विकणाऱ्यांनी ते आपणहून ठरवले होते. लोकांनी ती ओळ वाचली, किंमत पाहिली आणि डबे उचलले. 1999 पर्यंत असे सुमारे 18 लाख डबे विकले गेले. त्याच वर्षी तो डबा दुकानांतून कायमचा नाहीसा झाला. डब्यातल्या टोमॅटोत या काळात कसलाही बदल झालेला नव्हता, आणि ती प्युरी खाऊन कोणी आजारी पडल्याचा पुरावाही पुढे आलेला नव्हता.

जनुक-परिवर्तित अन्नाचा, म्हणजे ज्याला आपण व्यवहारात जीएम अन्न म्हणतो त्याचा, इतिहास दोन तऱ्हांनी सांगितला जातो. एका गटाच्या मते विज्ञानाने आपले काम चोख केले, पण अडाणी भीतीने लोकांना पछाडले. दुसऱ्या गटाच्या मते कंपन्यांनी विषारी अन्न गुपचूप बाजारात उतरवले आणि सावध लोकांनी ते हाणून पाडले. प्युरीचा डबा या दोन्ही कथांत बसत नाही. लोक मुळात घाबरट असते, तर ठळक लेबल लावलेले 18 लाख डबे त्यांनी विकत घेतले नसते. अन्न विषारी असते, तर त्याची झळ कुठेतरी दिसली असती. माझे म्हणणे असे की या इतिहासात दोन निरनिराळे प्रश्न एकमेकांत गुंतवले गेले. हे खाल्ल्याने काय होईल, याचे उत्तर तपासणी देते. हे काय आहे, याचे उत्तर लेबल देते. पहिले उत्तर तज्ज्ञांनी शोधायचे असते, दुसरे विकणाऱ्याने सांगायचे असते. 1992 मध्ये अमेरिकेने दुसरे उत्तर पहिल्यावर टांगून ठेवले. तपासणीत फरक दिसला नाही तर ओळख सांगण्याचीही गरज नाही, असे ठरवले. पुढच्या तीस वर्षांतला अविश्वास मुख्यतः त्या निर्णयातून उगवला.

या विद्येची सुरुवात लपवाछपवीत झाली नव्हती. 1973 मध्ये एका जीवाचे जनुक दुसऱ्यात बसवण्याचे तंत्र हाती आले. त्यानंतर दोनच वर्षांनी, फेब्रुवारी 1975 मध्ये, शास्त्रज्ञ पॉल बर्ग यांच्या पुढाकाराने सुमारे 140 जण कॅलिफोर्नियातल्या असिलोमार येथे जमले. त्यात बहुतेक शास्त्रज्ञ होते. आपल्याच प्रयोगांना कोणत्या मर्यादा घालाव्यात, हे त्यांनी पत्रकारांच्या देखत ठरवले. अन्नाचा प्रश्न पुढे आला तो 1990 मध्ये. चीज करताना दूध फाडण्यासाठी वासराच्या जठरातून काढलेले रेनेट वापरत असत. त्यातले कायमोसिन हे विकर आता जनुक बदललेल्या जिवाणूंकडून तयार करून घेता येऊ लागले. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने, म्हणजे एफडीएने, त्याला मंजुरी दिली आणि लेबलाची गरज नाही असे सांगितले. शुद्ध केलेले विकर रेनेटमधल्या विकरासारखेच होते आणि ते बनवणारे जिवाणू अंतिम पदार्थात उरत नव्हते. हे कारण पटण्याजोगे होते. पण अख्ख्या वनस्पतीची गोष्ट वेगळी होती. तिथे बदललेला जीवच ताटात येणार होता, आणि विकराला लावलेला न्याय त्याला जसाच्या तसा लावता येत नव्हता.

29 मे 1992 रोजी एफडीएचे धोरण प्रसिद्ध झाले. त्याच आठवड्यात उपराष्ट्राध्यक्ष डॅन क्वेल यांनी ते जाहीर केले होते. उद्योगांवरचे नियमांचे ओझे हलके करण्याच्या मोहिमेचा एक भाग म्हणून त्यांनी ते मांडले. धोरणाचा गाभा असा होता की नवे वाण कोणत्या पद्धतीने तयार झाले याला महत्त्व नाही, तयार झालेला पदार्थ कसा आहे ते पाहायचे. सुरक्षिततेची जबाबदारी उत्पादकाची. त्याने गरजेप्रमाणे एफडीएशी सल्लामसलत करावी, पण बाजारात येण्यापूर्वी परवानगी घेण्याची सक्ती नाही. पोषणमूल्य बदलले असेल किंवा अ‍ॅलर्जी देणारा घटक आला असेल, असा काही ठोस फरक असेल तरच लेबल लागेल. 1998 मध्ये या धोरणाविरुद्ध खटला दाखल झाला, तेव्हा एफडीएची अंतर्गत टिपणे बाहेर आली. खुद्द एफडीएतल्या काही तज्ज्ञांनी धोरणाच्या मसुद्यावर हरकत घेतली होती. पारंपरिक संकर आणि जनुक-बदल यांतला फरक त्यात पुसला जात आहे, असे त्यांचे म्हणणे होते. सप्टेंबर 2000 मध्ये न्यायालयाने एफडीएच्या बाजूने निकाल दिला. पदार्थात ठोस फरक नसेल, तर केवळ ग्राहकांना माहिती हवी आहे एवढ्यावर लेबलाची सक्ती करता येत नाही, हा अर्थ न्यायालयाने मान्य केला. ग्राहकाची जाणण्याची इच्छा कायद्याच्या तराजूत वजनशून्य ठरली.

या धोरणाची वैज्ञानिक बाजू मात्र लंगडी नव्हती, हे मान्य केले पाहिजे. साध्या संकरातूनही घातक वाण निघू शकते. 1960 च्या दशकात अमेरिकेत लेनापे नावाचा बटाटा पारंपरिक पैदाशीतून तयार झाला. त्याच्या चिप्स उत्तम होत. पण त्यात सोलानिन वर्गातली विषारी द्रव्ये धोकादायक प्रमाणात आढळली आणि 1970 मध्ये तो मागे घ्यावा लागला. त्यात प्रयोगशाळेतून बसवलेले एकही परके जनुक नव्हते. किरणोत्सर्गाने बियांत उत्परिवर्तन घडवून काढलेली अनेक वाणे जग निर्धास्तपणे खात आले आहे. तेव्हा धोका पद्धतीत शोधू नका, पदार्थात शोधा, हे तत्त्व तपासणीपुरते योग्यच आहे. चूक पुढच्या पायरीवर झाली. तपासणीचे तत्त्व ओळख सांगण्यालाही लावले गेले. माणूस अन्नाकडे केवळ विषारी की बिनविषारी या नजरेने पाहत नाही. ते कुठून आले, कोणी पिकवले, कशाचे आहे, हे तो नेहमीच विचारत आला आहे. या प्रश्नांचे उत्तर प्रयोगशाळेतल्या उंदरांवरून मिळत नाही.

याच धोरणाच्या छायेत फ्लेवर सेव्हर नावाचा टोमॅटो आला. कॅलिफोर्नियातल्या डेव्हिस गावच्या कॅलजीन कंपनीने तो तयार केला होता. गर सैल करणारे तेच विकर इथेही रोखले होते, पण उद्देश निराळा होता. टोमॅटो झाडावरच पिकू द्यावा आणि तरीही तो जास्त दिवस टिकावा, अशी कल्पना होती. कायद्याने आवश्यक नसतानाही कॅलजीनने एफडीएकडे आपणहून तपासणी मागितली. टोमॅटोत खुणेसाठी बसवलेले, कॅनामायसिन या प्रतिजैविकाला दाद न देणारे जनुकही तिने अन्नातले मिश्रद्रव्य म्हणून रीतसर मंजुरीला ठेवले. उंदरांना 28 दिवस टोमॅटो खाऊ घालण्याच्या चाचण्या झाल्या. त्यांतल्या एकीत काही माद्यांच्या जठराच्या अस्तरावर क्षते दिसली. एफडीएच्या तज्ज्ञांनी त्यावर प्रश्न विचारले, चाचणी पुन्हा झाली, आणि क्षतांचा संबंध टोमॅटोशी लागत नाही असा निष्कर्ष निघाला. एप्रिल 1994 मध्ये सल्लागार समितीची खुली बैठक झाली आणि 18 मे 1994 रोजी एफडीएने अनुकूल निर्णय दिला. काही दिवसांतच डेव्हिसमधल्या आणि इलिनॉय राज्यातल्या नॉर्थब्रूकमधल्या एकेका दुकानात तो विकला जाऊ लागला. सोबत माहितीपत्रक होते आणि शंका विचारण्यासाठी फोन क्रमांकही दिलेला होता. लोकांनी तो आवडीने घेतला. पुढे तो बुडाला, तो पिकवणे, तोडणे आणि दूरवर नेणे कंपनीला परवडले नाही म्हणून. मॉन्सॅन्टो या बियाणे कंपनीने कॅलजीन विकत घेतली आणि टोमॅटो बाजारातून गेला. कॅलजीनमधल्या शास्त्रज्ञ बेलिंडा मार्टिनो यांनी ही सारी हकीकत पुढे पुस्तकरूपाने लिहिली. अटलांटिकच्या दोन्ही तीरांवर दोन टोमॅटो उघडपणे नाव सांगून बाजारात आले आणि दोन्हींकडे लोकांनी ते घेतले, हे त्या काळाचे विसरले गेलेले वास्तव आहे.

तपासणी नीट केली तर ती काय साधू शकते, याचेही उदाहरण त्याच वर्षांत घडले. सोयाबीनमध्ये मेथिओनिन हे अमिनो आम्ल कमी असते. म्हणून ते कोंबड्यांच्या खाद्यात वरून घालावे लागते. पायोनियर हाय-ब्रेड या बियाणे कंपनीने ब्राझील नटमधले एक प्रथिन सोयाबीनमध्ये आणून ही उणीव भरून काढण्याचा घाट घातला. ब्राझील नटची अ‍ॅलर्जी काही माणसांना असते, हे ठाऊक होते. म्हणून नेब्रास्का विद्यापीठातल्या संशोधकांनी अशा रुग्णांचे रक्तजल घेऊन चाचणी केली. नऊपैकी आठ जणांच्या रक्तजलातली प्रतिपिंडे नव्या सोयाबीनमधल्या त्या प्रथिनाला चिकटली. ज्या तिघांच्या त्वचेवर टोचून पाहिले, त्या तिघांनाही प्रतिक्रिया आली. अ‍ॅलर्जी जनुकाबरोबर सोयाबीनमध्ये उतरली होती. हे सोयाबीन कधीच बाजारात आले नाही आणि मार्च 1996 मध्ये हा अभ्यास न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये प्रसिद्ध झाला. जीएमचे विरोधक हा धोक्याचा पुरावा म्हणून दाखवतात आणि समर्थक व्यवस्था चालत असल्याचा. दोन्ही अर्थ खरे आहेत. धोका काल्पनिक नव्हता, आणि कुठे पाहायचे हे माहीत असल्यामुळेच तो वेळीच सापडला. मात्र ज्या प्रथिनाला माणसाने पूर्वी कधी खाल्लेलेच नाही, त्याच्या अ‍ॅलर्जीचे रुग्णही नसतात आणि त्यांचे रक्तजलही नसते. अशा वेळी प्रथिनाची रचना, पोटात ते किती लवकर पचते, उष्णतेत किती टिकते, यांवरून अंदाज बांधावा लागतो. ही तपासणीची मर्यादा लक्षात ठेवली पाहिजे, कारण पुढची घटना तिथेच घडली.

पण आधी ब्रिटनकडे परत जाऊ. प्युरीचा डबा दुकानांत आल्यानंतर महिन्याभरात, 20 मार्च 1996 रोजी, गायींच्या मेंदूचा रोग माणसापर्यंत पोचला असण्याचा संभव आहे, अशी कबुली ब्रिटिश सरकारने संसदेत दिली. गोमांस सुरक्षित आहे असे वर्षानुवर्षे सांगणाऱ्या तोंडांनीच ती दिली. तज्ज्ञ म्हणतात म्हणून खा, या वाक्याची पत त्या दिवशी गेली. त्याच वर्षीच्या शरद ऋतूत अमेरिकेचे नवे सोयाबीन युरोपच्या बंदरांत पोचले. तणनाशक सहन करणारे मॉन्सॅन्टोचे वाण त्या हंगामात अमेरिकेतल्या सोयाबीनच्या सुमारे 2 टक्के क्षेत्रावर होते, पण कोठारांत ते बाकीच्या पिकात सरमिसळ झालेले होते. वेगळे काढून द्या, अशी मागणी युरोपातल्या विक्रेत्यांनी केली. दोन्ही सोयाबीन सारखीच आहेत, वेगळे ठेवण्याचे कारण नाही, असे उत्तर मिळाले. ब्रेड, बिस्किटे, मार्गारीन, चॉकलेट अशा असंख्य पदार्थांत सोयाबीन असते. ज्या गिऱ्हाइकाने प्युरीचा डबा वाचून, ठरवून उचलला होता, त्याच्या ताटात आता न विचारता काहीतरी आले. ऑगस्ट 1998 मध्ये अ‍ॅबर्डीनच्या रोवेट संस्थेतले आर्पाद पुस्ताई यांनी दूरचित्रवाणीवर सांगितले की जनुक-परिवर्तित बटाटे खाल्लेल्या उंदरांवर त्यांना अनिष्ट परिणाम दिसले. संस्थेने त्यांना निलंबित केले. 1999 मध्ये रॉयल सोसायटीने त्यांच्या प्रयोगाच्या रचनेत गंभीर दोष दाखवले. लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकाने त्यातला काही भाग त्याच वर्षी छापला. त्यांचे निष्कर्ष पुढे टिकले नाहीत, हे खरे. पण लोकांना दिसले ते इतकेच की एका शास्त्रज्ञाने तोंड उघडले आणि त्याला बाजूला करण्यात आले. आइसलँड या दुकान-साखळीने 1998 मध्येच आपल्या मालातून जीएम घटक काढण्याचे जाहीर केले होते. बाकीच्यांनी तीच वाट धरली. त्या लाटेत प्युरीचा डबाही गेला. ज्याने प्रामाणिकपणे नाव सांगितले होते, त्याला न सांगता आलेल्या सोयाबीनची शिक्षा भोगावी लागली.

लेबल म्हणजे डब्यावरची शाई, असा एक गैरसमज आहे. खरे लेबल शेतात आणि कोठारात सुरू होते. माल वेगळा पिकवला, वेगळा साठवला, वेगळा वाहून नेला, तरच डब्यावरची ओळ खरी ठरते. अमेरिकेत ही यंत्रणा नव्हती, आणि तिची किंमत स्टारलिंक मक्याच्या प्रकरणात मोजावी लागली. अव्हेंटिस कंपनीच्या या मक्यात क्राय9सी नावाचे कीडनाशक प्रथिन होते. ते सहज पचत नसे आणि उष्णतेतही टिके. हे अ‍ॅलर्जीकारक प्रथिनांचे लक्षण असू शकते. म्हणून पर्यावरण संरक्षण संस्थेने 1998 मध्ये तो मका फक्त जनावरांच्या खाद्यासाठी मंजूर केला. कागदावर हा सावध निर्णय होता. पण मक्याचे परागकण वाऱ्याबरोबर उडतात आणि कोठारात दाणा दाण्यात मिसळतो. सप्टेंबर 2000 मध्ये काही संस्थांनी दुकानातून टाको बेल या नावाने विकले जाणारे मक्याचे टाको विकत घेऊन आयोवातल्या एका खासगी प्रयोगशाळेत तपासले आणि त्यांत स्टारलिंकचा अंश सापडला. ते टाको विकणाऱ्या क्राफ्ट कंपनीने माल परत मागवला. पुढे सुमारे 300 उत्पादने परत घ्यावी लागली आणि जपान, कोरियासारखी गिऱ्हाइके बिथरली. मका खाऊन त्रास झाल्याच्या तक्रारींचा छडा अमेरिकेच्या रोग नियंत्रण केंद्राने लावला. त्रासाची लक्षणे अ‍ॅलर्जीशी जुळतील अशा 28 जणांपैकी 17 जणांनी रक्त दिले. एकातही त्या प्रथिनाविरुद्धची प्रतिपिंडे आढळली नाहीत. म्हणजे धोका प्रत्यक्षात उतरल्याचा पुरावा मिळाला नाही. पण जे अन्न माणसाने खाऊच नये असे शासनाने ठरवले होते ते माणसांनी खाल्ले, आणि हे शासनाला कळले ते बाहेरच्या लोकांनी स्वखर्चाने केलेल्या तपासणीतून. लेबल आणि मागोवा यांशिवाय खुद्द तपासणीच आंधळी होते. कोणी काय खाल्ले हे माहीत नसेल, तर कोणाला काय झाले याचा शोध कुठून सुरू करणार?

लेबलाविरुद्धचे सर्वांत वजनदार म्हणणे असे की ते खोटी धास्ती निर्माण करते. धोका नसताना इशारा छापला तर लोक सुरक्षित अन्न टाकून देतील, आणि शेतकरी, संशोधक, गरीब ग्राहक यांचे नुकसान होईल. या म्हणण्याची परीक्षा अमेरिकेतल्या व्हरमाँट राज्यात झाली. तिथे 1 जुलै 2016 पासून लेबल सक्तीचे झाले, आणि काही आठवड्यांतच केंद्रीय कायद्याने ते मागे पडले. त्या काळातली मते जेन कोलोडिन्स्की आणि जेसन लस्क या संशोधकांनी अभ्यासली आणि 2018 मध्ये प्रसिद्ध केली. लेबल आल्यावर व्हरमाँटमधला जीएम अन्नाचा विरोध, उरलेल्या देशाच्या तुलनेत, 19 टक्क्यांनी घटला. सांगितल्याने भीती वाढली नाही, कमी झाली. भारतीय वाचकाला यासाठी व्हरमाँटला जाण्याचीही गरज नाही. आपल्याकडे दोन दशकांहून अधिक काळ प्रत्येक पाकिटावर शाकाहारी पदार्थासाठी हिरवा ठिपका आणि मांसाहारी पदार्थासाठी तपकिरी खूण आहे. तपकिरी खूण म्हणजे विषाचा इशारा, असे कोणी समजत नाही. तिथे कोणत्याही प्रयोगशाळेने ठोस फरक सिद्ध करण्याची अट घातली गेली नाही. माणसाला आपल्या ताटात काय आहे हे जाणण्याचा अधिकार आहे, एवढे कारण पुरेसे मानले गेले. खर्चाचे म्हणणेही असेच तपासून पाहावे. युरोपने 2003 च्या कायद्यांनी लेबलासाठी जीएम अंशाची 0.9 टक्क्यांची मर्यादा ठरवली आणि मागोव्याची पद्धत घातली. खर्च आला, कटकट आली, पण अन्नव्यापार थांबला नाही. मात्र युरोपात लेबल उशिरा आले, विश्वास गेल्यानंतर आले. तोवर दुकानदारांनी जीएम माल फळीवर ठेवणेच सोडले होते. युरोपातल्या लेबलांनी जीएम अन्न हद्दपार केले असे म्हणणारे हा क्रम विसरतात.

दुसऱ्या बाजूच्या आक्षेपालाही उत्तर द्यायला हवे. तीस वर्षे हे अन्न जगभर खाल्ले जात असूनही ते घातकच आहे, असे ठासून सांगणारे अनेक जण आहेत. 2016 मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीच्या समितीने शेकडो अभ्यास चाळले. उपलब्ध जीएम पिकांपासूनचे अन्न इतर अन्नापेक्षा आरोग्याला अधिक धोक्याचे असल्याचा विश्वसनीय पुरावा नाही, असा तिचा निष्कर्ष होता. तो मी मानतो. सक्तीचे लेबल आरोग्याच्या कारणाने समर्थनीय ठरत नाही, असेही समितीला वाटले. पण तिने हेही नोंदवले की लेबलाचा प्रश्न सुरक्षिततेपुरता नाही, त्यात समाजाच्या मूल्यांचाही विचार आहे. माझ्या युक्तिवादाला एवढी जागा पुरते. लेबलाचा आग्रह धरण्यासाठी अन्न विषारी ठरवण्याची गरज नाही. आणि जे तसे ठरवू पाहतात ते जाणण्याच्या अधिकाराला अकारण कच्च्या पुराव्यावर उभे करतात. तसेच लेबल लावले की तपासणीतून सुटका, असेही कोणी मानू नये. ब्राझील नटचे सोयाबीन अडवले ते रक्तजलाच्या चाचणीने. लेबलाने ते अडले नसते.

या इतिहासाची एक शाखा महाराष्ट्रातून जाते. शेंडे आणि फळे पोखरणाऱ्या अळीला तोंड देणारे बीटी वांगे जालन्याच्या महिको कंपनीने तयार केले. 14 ऑक्टोबर 2009 रोजी केंद्रीय जनुक अभियांत्रिकी समितीने त्याला हिरवा कंदील दाखवला. चाचण्या बहुतांशी कंपनीने स्वतः केलेल्या किंवा करून घेतलेल्या होत्या, आणि त्यांची मूळ माहिती लोकांपुढे यावी म्हणून माहिती अधिकाराचा आणि न्यायालयाचा मार्ग धरावा लागला होता. सर्वोच्च न्यायालयाने समितीवर निरीक्षक म्हणून नेमलेले पुष्पमित्र भार्गव यांना या चाचण्या अपुऱ्या वाटत होत्या. पर्यावरणमंत्री जयराम रमेश यांनी 2010 च्या सुरुवातीला सात शहरांत जाहीर सभा घेतल्या; त्यांत नागपूरही होते. 9 फेब्रुवारीला त्यांनी वांग्याला स्थगिती दिली. तज्ज्ञांत एकमत नाही, घाई करण्याचे कारण नाही, स्वतंत्र चाचण्यांची गरज आहे, अशी कारणे त्यांनी दिली. बांगलादेशाने 2013 मध्ये तेच बीटी तंत्र वापरलेली वांगी मंजूर केली आणि पुढच्या वर्षी ती शेतात गेली. आपल्याकडे अजून स्थगितीच आहे. यात एक पेच इंग्लंडपेक्षा अवघड होता. वांगे हातगाडीवर, मंडईत, आठवडी बाजारात विकले जाते. त्याला पाकीट नाही, मग ओळ छापायची कुठे? ज्या देशात भाजीचा मागोवा शेतापासून टोपलीपर्यंत लागत नाही, तिथे विश्वासाचा सगळा भार तपासणीच्या खुलेपणावर पडतो. नेमक्या त्याच ठिकाणी आपली व्यवस्था कमी पडली. पाकीटबंद मालासाठी 1 जानेवारी 2013 पासून जीएम अशी खूण छापण्याचा नियम आला. पण बीटी कापूस 2002 पासून आपल्या शेतात आहे, त्याच्या सरकीचे तेल खाद्यतेलात मिसळते, आणि ते वापरणाऱ्या बहुतेकांना त्याचा पत्ता नसतो. तेल शुद्ध केल्यावर त्यात प्रथिन जवळजवळ उरत नाही, म्हणून त्याने अपाय होईल असे मानायला आधार नाही. तरीही आपण काय खातो हे लोकांना न सांगता वीस वर्षे उलटली आणि दुसरीकडे वांग्यावर एवढे वादळ उठले, याची संगती लोकांना लावता येत नाही. असंगतीतून संशय वाढतो.

अमेरिकेने 2016 मध्ये कायदा केला आणि 1 जानेवारी 2022 पासून जीएम अन्नाची ओळख देणे बंधनकारक झाले. तिथेही मोबाइलवर वाचायच्या चौकोनी खुणेची पळवाट ठेवली गेली, आणि शुद्ध केलेले तेल, साखर यांत बदललेला अंश सापडत नसल्यास त्यांना सूट दिली गेली. 1992 चा निर्णय फिरवायला तीस वर्षे लागली. या तीस वर्षांत विज्ञानाने जे सिद्ध केले ते बहुतेक जीएमच्या बाजूचे होते, तरी लोकांचे मन विज्ञानामागे गेले नाही. प्युरीच्या डब्याकडे पाहिले की त्याचे कारण कळते. त्या डब्याने आधी आपले नाव सांगितले, मग फायदा सांगितला आणि निर्णय गिऱ्हाइकावर सोडला. सोयाबीनच्या जहाजांनी फायदा शेतकऱ्याला आणि कंपनीला दिला, नाव कोणालाच सांगितले नाही, आणि निर्णय आधीच करून टाकला. उद्या जनुक-संपादनाची नवी वाणे येतील, मोहरीचे येईल, भाताचे येईल. त्यांतली काही खरोखर गरजेची असतील. पाऊस दगा देणाऱ्या आणि कीड वाढणाऱ्या काळात ती नाकारणे परवडणार नाही. ती लोकांनी स्वीकारावीत असे ज्यांना मनापासून वाटते, त्यांनीच लेबलाची आणि खुल्या चाचण्यांची मागणी सर्वांत आधी करायला हवी. 1996 च्या फेब्रुवारीत 29 पेन्सच्या डब्यावर एक खरी ओळ छापायला कोणाचे काही बिघडले नव्हते. ती न छापण्याची किंमत मात्र अजून फिटलेली नाही.